शिक्का नसलेलं वॉरंटी कार्ड

लालबागच्या आमच्या खोलीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. घरातल्या सगळ्या यंत्रांची वॉरंटी कार्डं त्यात. मिक्सरची मोटर चौथ्याच महिन्यात जळली तेव्हा आई त्यातलं कार्ड घेऊन दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, यावर आमचा शिक्काच नाही.’ बिल होतं, तारीख होती. आई परत आली आणि म्हणाली, ‘जाऊ दे.’

या ‘जाऊ दे’चा इतिहास हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे.

आपल्याला वाटतं, ग्राहकाला हक्क 1986 साली मिळाला. कागदावर तो 1930 च्या माल विक्री कायद्यातच आहे. कलम 16 सांगतं की त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वस्तू घेतली, तर ती विकण्याच्या लायकीची असली पाहिजे. ही अट कोणी न लिहिताही करारात असते. म्हणजे कार्डावर शिक्का आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. (गंमत म्हणजे याच कायद्यात ‘वॉरंटी’ हा शब्द दुय्यम अटीसाठी आहे. ती मोडली तर भरपाई मिळते, वस्तू परत करता येत नाही. आणि माल एकदा स्वीकारलात की एरवी मुख्य असलेली अटही बहुधा याच पायरीवर उतरते.)

आपला कायदा इंग्लंडच्या 1893 च्या कायद्यावर बेतलेला. त्याच घराण्यातला एक खटला मला केमिस्ट्रीवाली म्हणून फार आवडतो. ॲडलेडच्या डॉ. ग्रँट यांना लोकरीच्या नव्या अंतर्वस्त्रांमुळे त्वचेचा भयंकर आजार झाला. कापडात धुऊन न गेलेलं सल्फाइट उरलं होतं. 1935 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही जबाबदार धरलं. तेव्हा मुंबईच्या खटल्यांचंही शेवटचं अपील तिथेच जायचं. पण लंडनपर्यंत लढायची ऐपत डॉक्टरची होती. परळच्या गिरणीतल्या माणसाला सदोष स्टोव्हसाठी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जायचं तरी स्टॅम्प, वकील आणि खाडे, हे सगळं स्टोव्हपेक्षा महाग.

म्हणून इथल्या लोकांनी आधी दुसरे रस्ते शोधले. 1966 साली मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. 1975 साली बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके (हो, आपले बाबूजी!) यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं. भाव, वजन, भेसळ यांवर हा उपाय चालला. पण जळलेल्या मोटरीशी माणूस एकटाच उरतो.

24 डिसेंबर 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मुख्यतः दार दिलं: जिल्हा मंच, वकिलाची सक्ती नाही, सुरुवातीला फी नाही, आणि मंचावर एक तरी स्त्री सदस्य हवीच. दुरुस्ती, बदली, पैसे परत, भरपाई, यांतलं काहीही मंच देऊ शकतो. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कायद्यात प्रयोगशाळा आली. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर नमुना सील करून पाठवायचा आणि अहवाल 45 दिवसांत. ‘तुम्हीच नीट वापरलं नसेल’ या वाक्याला पहिल्यांदा मोजमापाचं उत्तर मिळालं. फक्त तपासणीचे पैसे आधी तक्रारदारानेच भरायचे. मला हे अजूनही उलटं वाटतं, आणि 2019 च्या नव्या कायद्यातही ते तसंच आहे.

आता दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आमच्या भागाचा आयोग परळच्या पुरवठा भवनात आहे. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘पुरवठा भवन म्हणजे ते रेशनचं ना?’ आणि डबा परत खाली काढला.