हिरडीआडचा सुळा

औंढा नागनाथच्या कुठल्याही शाळेतला सहावीचा वर्ग घ्या. बहुतेक मुलांचे वरचे कायमचे सुळे याच सुमारास, म्हणजे ११-१२व्या वर्षी, बाहेर येतात. पण शंभरातल्या एखाद-दुसऱ्या मुलाचा सुळा येतच नाही. हाडात तिरपा होऊन अडकतो. तो बहुधा दुखत नाही, पण शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. हे वेळेवर कळावे कसे?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. दातांत आणि हाडांत कॅल्शियम असते. त्यामुळे हे किरण तेथे अधिक शोषले जातात, हिरडीतून मात्र सहज पार होतात. म्हणूनच हिरडीआडचा दात चित्रात पांढरा उमटतो. जानेवारी १८९६ मध्येच ओट्टो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचे चित्र मिळवले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले!

या दृष्टीची किंमत मोठी होती. अमेरिकेतील दंतवैद्य एडमंड केल्स यंत्र जुळवताना आपलाच हात किरणांसमोर धरत. कर्करोगाने त्यांची बोटे, मग हात गेला. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. आजचे दातांचे चित्र क्षणात निघते आणि किरणांची मात्रा अगदी अल्प असते. तरीही सर्व मुलांचे सरसकट एक्स-रे काढत नाहीत, ते याचसाठी.

मग एक्स-रे कुणाचा आणि केव्हा काढायचा? सुळा अडकल्याचे लवकर कळल्याने काय साधते, हे स्वीडनच्या एरिक्सन व कुरोल यांनी १९८८ मध्ये दाखवले. १० ते १३ वर्षांच्या मुलांत टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांच्या जागचे दुधाचे सुळे त्यांनी काढले. त्यांतले ३६ कायमचे सुळे आपसूक वाटेवर आले. वय निसटले, की हीच गोष्ट शस्त्रक्रियेने आणि तारा लावून करावी लागते.

कधी दाताच्या वाटेत गाठही असते. २०१४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील १७ वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दातांसारखे २३२ तुकडे काढले गेले. सूज येऊन तेव्हा सुमारे दीड वर्ष लोटले होते.

मराठवाड्यात शासकीय दंत महाविद्यालय आले ते १९८२ मध्ये, औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर). औंढ्याहून तिथवर जाणे हा पालकांचा एक दिवस आणि एक मजुरी. म्हणून कुणाला पाठवायचे, हे शाळेत ओळखता आले तर मोलाचे.

त्यासाठी यंत्र लागत नाही. वर्गात दातांचा धडा शिकवताना मुलांना आरशात आपले दात मोजू द्या. एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने झाले तरी दुसरा नाही, किंवा तेराव्या वर्षीही दुधाचा सुळा घट्टच आहे, तर पालकांना दंतवैद्याकडे जायला सांगा. सुळ्याचा फुगवटा हिरडीत बोटाला लागतो का, हे ते तपासतील आणि गरज असेल तरच एक्स-रे काढतील. क्ष-किरणांच्या आधी तुमची नजर पोहोचली पाहिजे.