पवईचा अजित, मोहालीची भट्टी

श्रावणात आहुप्याच्या कड्यावर धुके उतरले की चार हातांपलीकडचे दिसत नाही. असाच एकदा वाट चुकलो आणि खिशातला मोबाईल काढला. देवराई कुठे, दरी कुठे, हे त्याने निमूट दाखवले. उपग्रहांचे क्षीण संदेश टिपून आपले ठिकाण सांगणारी ही चिप कोणी घडवली असेल, हा प्रश्न गावात परतल्यावरही सुटेना. माग काढता काढता पोचलो पवईला.

2019 मध्ये पवईच्या आयआयटीतल्या प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांचा ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर जाहीर झाला. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीच्या ग्राहक-यंत्रांत तो वापरावा, असा एक हेतू होता. मला चिपपेक्षा तिचे भागीदार अधिक वाचनीय वाटतात. पैसा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचा आणि आयआयटीचा. पवई लॅब्स या कंपनीने गुंतवणूक करून विक्री आणि देखभालीची जबाबदारी घेतली. ‘नाविक’च्या यंत्रांसाठी सोबतीला ‘समीर’ ही संस्था. समीरचे मूळही मुंबईचेच: टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1977 मध्ये सुरू झालेला मायक्रोवेव्ह विभाग 1984 मध्ये स्वतंत्र होऊन ती उभी राहिली.

देसाईंच्या चमूने नवी आज्ञावली रचण्याचा हट्ट धरला नाही. ‘स्पार्क’ ही खुली, रुळलेली आज्ञावली घेतली. विकत घेणाऱ्याला आपली जुनी सॉफ्टवेअर फेकावी लागू नयेत, हे भान त्यात आहे. संशोधकांत ते विरळा, असे माझे मत.

पण आराखडा म्हणजे चिप नव्हे. ती भाजायला भट्टी लागते, आणि ती मोहालीला. तिथल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 1984 मध्ये 5 मायक्रॉनच्या तंत्रावर उत्पादन सुरू झाले. 7 फेब्रुवारी 1989 रोजी कारखान्याला आग लागली आणि भारताची आघाडी तिथेच मोडली. पुन्हा उभे राहायला वर्षे गेली, तोवर जग पुढे निघून गेले होते. 2006 मध्ये कारखाना अंतराळ विभागाकडे आला, नावही सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी झाले. पुढे इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या तंत्राने 180 नॅनोमीटरची ओळ बसली. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड, तरीही आजच्या मोबाईलच्या मानाने हे तंत्र बरेच जाडेभरडे. अजितचा पहिला घाणा याच ओळीवर निघाला.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातली खरी झटापट मात्र मला दिसते पवईच्या दुसऱ्या कामात. तापमान किंवा दाब मोजणारे संवेदक एकाच साच्यातून निघाले तरी थोडे थोडे चुकतात. प्रत्येकाची दुरुस्ती-संख्या कायमची कोरून ठेवायला एकदाच लिहिता येणारी स्मृती लागते. प्रा. उदयन गांगुली आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन डायऑक्साइडचा, मोजक्याच अणूंइतका जाड थर वापरून कमी व्होल्टेजवर लिहिता येणारी 8-बिट स्मृती केली. 2021 मध्ये मोहालीच्या ओळीने ती उत्पादनासाठी स्वीकारली.

‘स्वीकारली’ या एका शब्दात सगळे आले. प्रयोगशाळेत एक नमुना नीट चालला की शोधनिबंध होतो. कारखान्यात तबकडीमागून तबकडी तोच थर तितकाच पातळ बसावा लागतो, आणि तोही आधीच चालू असलेल्या ओळीचा क्रम न बिघडवता. आयआयटीतल्या 2006 पासूनच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राने हाताखालून काढलेली पिढी नसती, तर हे जुळले नसते. अशा केंद्राचा हिशेब निबंधांत मोजणे मला नेहमी अपुरे वाटते.

2025 मध्ये मोहालीनेच इस्रोचा ‘विक्रम’ हा 32-बिट प्रोसेसर दाखवला, तोही 180 नॅनोमीटरवरच. रॉकेटला तेवढे पुरते, आणि विक्रमला ग्राहक जन्माआधीच ठरलेला होता. अजितला तो बाहेर, बाजारात शोधायचा होता. धुक्यात मला वाट दाखवणाऱ्या मोबाईलमधली चिप या दोघांपैकी कोणाचीच नव्हती.