मिठाच्या पाण्यात धरलेली साय

आजचा शब्द ऐकून लगेच स्किप करू नका: पेप्टाइड. अमिनो आम्लांची छोटी साखळी, बस्स. साखळी लांबलचक झाली की प्रथिन.

आपल्याकडे याचा सगळ्यात देखणा नमुना येवल्यात मिळतो, पैठणीत! तुतीच्या रेशमाच्या प्रथिनात ग्लायसीन, अ‍ॅलनीन, ग्लायसीन, अ‍ॅलनीन, ग्लायसीन, सेरीन असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे साखळ्या शेजारी शेजारी चिकटून बसतात, थरावर थर चढतो आणि धागा दणकट होतो.

मग माणसाने असा क्रम स्वतः कधी लिहिला? खरं तर आधी तो सापडला. एमआयटीत शुगुआंग झांग यीस्टमधल्या एका प्रथिनावर काम करत होते. ते डावखुऱ्या डीएनएला चिकटतं, म्हणून नाव झुओटिन. चिनी भाषेत 'झुओ' म्हणजे डावा. त्यातला १६ अमिनो आम्लांचा एक तुकडा विचित्र होता. पाण्यापासून पळणारं एक, विद्युतभार असलेलं एक, अशी आलटून पालटून रांग. त्यातही दोन ऋण, दोन धन. हा तुकडा पेशींसाठीच्या खारट द्रावणात टाकला, तर चक्क साय धरली. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी! १९९३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

डिझाइन त्यानंतर आलं. अक्षरं बदलून 'राडा-१६' बनवला (नाव मराठी माणसाने ठेवलेलं नाही, शपथ). त्याच्या जेलमध्ये सुमारे ९९ टक्के पाणीच असतं, तरी आज शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला ते वापरतात.

मला जास्त हलवणारी गोष्ट मात्र पवईची आहे. माझ्या आजोबांना पार्किन्सन्स होता. त्या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन असंच आपोआप जमतं, पण मेंदूच्या पेशींमध्ये. या गुठळ्यांना आपण शत्रूच समजतो. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने त्याच प्रथिनावरून छोटी पेप्टाइड्स बेतली, त्यांचं जेल केलं आणि त्यावर मूळपेशी वाढवल्या. त्या चेतापेशींकडे वळू लागल्या. २०१६ चं हे काम. जेल विषारी ठरलं नाही; पेशींसकट ते उंदरांच्या मेंदूतही सोडून पाहिलं.

उंदीर ते माणूस हे अंतर मोठं असतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर 'पार्किन्सन्सवर इलाज सापडला' असं कृपया फॉरवर्ड करू नका.