फाउंड्रीशेजारचं लॉजिक

कोल्हापूरच्या उद्योगाचा इतिहास सांगताना लोक ऑइल इंजिन सांगतात, कास्टिंग सांगतात, शिवाजी उद्यमनगरातले लेथ सांगतात. त्या यंत्रांना कधी फिरायचं आणि कधी थांबायचं हे सांगणाऱ्या पॅनेलबद्दल कुणी लिहीत नाही. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पॅनेल आणि कार्ड दुरुस्त करतो. या कामालाही इतिहास आहे, आणि तो मुख्यतः विद्युत गोंगाटाशी झालेल्या झटापटीचा आहे.

उद्यमनगरातून धंदा शिरोलीला, गोकुळ शिरगावला आणि मग महामार्गाने आणखी खाली कागल-हातकणंगलेकडे पसरला. माझ्या आधीच्या वायरमन मंडळींचं सगळं लॉजिक रिलेत होतं. दोन लिमिट स्विच सिरीजमध्ये जोडले की दोन्ही लागायला हवेत. पॅरललमध्ये जोडले की कुठलाही एक पुरे. क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतल्या प्रबंधात हेच जॉर्ज बूलच्या बीजगणिताने मांडून दाखवलं. आमच्या मेस्त्रींनी ते हाताने मांडलं. रिलेचं एक मोठं सुख होतं, त्याचा दोष दिसायचा आणि ऐकूही यायचा. काँटॅक्ट काळा पडलेला, कॉइल गुणगुणतेय, पट्टी चिकटलीय. पॅनेलचं दार उघडून नुसतं कान देऊन उभं राहिलं तरी निम्मं काम व्हायचं.

आयसीचा दोष दिसत नाही, ऐकू येत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीटीएल मालिका १९६४ ची, आरसीएची सीमॉस ४००० मालिका १९६८ ची. आमच्या हातात ती पुष्कळ उशिरा आली, आणि आली ती छंद म्हणून. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातली सर्किटं, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले ७४९० आणि ७४४७ हे आयसी, एक ब्रेडबोर्ड. घरच्या टेबलावर काउंटर शून्य ते नऊ बिनचूक मोजायचा. तोच काउंटर प्रेसवर बसवला की ऑपरेटर सांगत यायचा, “सायेब, मशीन मधीच येड्यागत कराय लागलंय.”

टेबलावर नसलेलं असं शॉपमध्ये काय होतं? शेजारी इंडक्शन फर्नेस, डोक्यावर क्रेन, भिंतीपलीकडे दिवसभर खडखडणारे कॉन्टॅक्टर. टीटीएलचं आउटपुट ‘शून्य’ म्हणून जास्तीत जास्त ०.४ व्होल्ट देतं आणि पुढचं गेट ०.८ व्होल्टपर्यंत त्याला शून्यच मानतं. म्हणजे गोंगाट सोसायची हमी फक्त ०.४ व्होल्टची. फाउंड्रीत एवढा गोंगाट मीटरभर वायरही गोळा करते.

यातून एक दुरुस्तीविद्या तयार झाली. लिमिट स्विचची पट्टी मिटताना काही मिलिसेकंद थरथरते. प्रेसला तो एक ठोका, काउंटरला अनेक. त्यावर दोन नँड गेटचं लॅच किंवा आरसी लावून पुढे ७४१४ हा श्मिट ट्रिगर. टीटीएल गेट पलटताना क्षणभर सप्लायमधून जोरात करंट ओढतं आणि त्या झटक्यात शेजारचा फ्लिपफ्लॉप स्थिती विसरतो. म्हणून प्रत्येक आयसीच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नळाची धार मंदावली तरी मोरीतला हंडा भरलेला असावा, तसा तो. रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. सीमॉसचं रिकामं इनपुट कधीही लोंबतं ठेवायचं नाही. नुसता हात जवळ नेला तरी आउटपुट नाचतं, हे ब्रेडबोर्डवर प्रत्येकाने पाहिलेलं असतं. कारखान्यात त्या हाताची जागा मोटरची केबल घेते.

लोखंडाची भुकटी आणि जुलैची ओल कार्डावर एकत्र आली की आणखी वेगळे रोग. सकाळी बिघडलेलं कार्ड दुपारी आपोआप बरं होतं, मालकाला वाटतं मेस्त्रीच फसवतोय. अशा कार्डाला ब्रशने धुवायचं, हेअर ड्रायरने शेकायचं, मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच ठोकत जायचं. ठोकल्यावर वागणं बदललं तर तिथे ड्राय सोल्डर. जुन्या मेस्त्रींच्या वह्यांत असल्या नोंदी आहेत. कारखाना, मशीन, लक्षण, उपाय. त्या रद्दीत जाताना पाहून मला खरंच वाईट वाटतं. इंजिनांच्या ड्रॉइंगइतक्याच त्या जपायला हव्यात.

पुढे कार्डं बारा-पंधरा व्होल्टच्या सीमॉसवर गेली आणि सोसण्याची हद्द काही व्होल्टांपर्यंत वाढली. मग पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोलर आले. अमेरिकेत डिक मॉर्लींनी १९६८ मध्ये ज्याची कल्पना मांडली, तेच हे यंत्र. त्याच्या चोवीस व्होल्टच्या नेहमीच्या इनपुटला पाच व्होल्टपर्यंत शून्य आणि पंधराच्या वर एक. शिवाय आत ऑप्टोकपलर. आमच्या शॉपमध्ये पीएलसी टिकला याचं मोठं श्रेय मी या रुंद फटीला देतो. प्रोग्रॅम बदलण्याची सोय हे त्यानंतरचं.

आता डिप्लोमा झालेली हुशार पोरं ईएसपी३२ चे बोर्ड घेऊन येतात. उत्पादन मोजायचं, मोबाइलवर दाखवायचं. बोर्ड ३.३ व्होल्टचा, म्हणजे फट पुन्हा अरुंद. बोर्ड रात्री नीट चालतो, पहिली पाळी सुरू झाली की रीसेट होत राहतो, आणि पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात. मी त्यांना लॅपटॉप मिटायला लावतो आणि आधी वायरिंग डक्ट उघडायला सांगतो. सेन्सरची वायर मोटरच्या केबलला चिकटून गेलीय का, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलीय का, सप्लाय कॉन्टॅक्टरच्या कॉइलसोबत वाटून घेतलाय का. एवढं पाहून झालं की मग कोड.