ईसीजीचा कागद काय सांगतो? ‘नॉर्मल’ आला तरी दुखणं थांबलं नसेल तर घरी निघू नका

गेल्या सुगीत आमच्या चुलत्यांच्या छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन झाला, मग दवाखाना. पहिला ईसीजी नॉर्मल. आम्ही गाडी काढत होतो, पण डॉक्टरांनी थांबवून घेतलं. अर्ध्या तासानं परत काढला, त्यात अटॅक दिसला.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या बारीक लहरीनं पडतो. हातापायांना चार आणि छातीवर सहा वायरी लावून मशीन ती लहर कागदावर उतरवतं. मशीन अंगात करंट सोडत नाही, त्यामुळे भ्यायचं कारण नाही.

कागदावरचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्यानं भागा. चार चौकोन असतील तर ठोके मिनिटाला ७५. मोठ्या माणसाचे निवांत असताना ६० ते १०० धरतात. हा हिशेब टोकं सारख्या अंतरावर असतील तरच जुळतो.

अंतर कधी कमी, कधी जास्त, कशाचा कशाला मेळ नाही, आणि टोकाआधीचा छोटा उंचवटाही गायब, असं असेल तर बहुधा एट्रियल फिब्रिलेशन असतं. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, लकवा मारतो. म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका.

उंच टोकानंतरची रेघ वर उचललेली दिसली तर अटॅकची शंका घेतात. पण सगळ्याच अटॅकमध्ये ती उचलत नाही, सुरुवातीला तर कागद साफ येऊ शकतो. म्हणून ईसीजी परत काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. शुगरवाल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत न दुखता नुसता दम लागतो, घाम फुटतो. तेव्हाही १०८ ला फोन लावा. कागदाचा फोटो ग्रुपवर टाकून ‘कुणीतरी सांगा’ म्हणत बसू नका.

साधा ईसीजी काही सेकंदांचाच असतो. धडधड येऊन जाऊन असेल तर २४ तासांचं होल्टर लावतात.

जुना ईसीजी टाकून देऊ नका. नव्याशी ताडून बघायला तोच लागतो. थर्मल कागद पुसट होतो, म्हणून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.