जुनी बुलेट लांबच्या प्रवासात बंद का पडते? इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं?

विश्रामबागवरून सकाळी निघालेली जुनी बुलेट कोल्हापूरपर्यंत मजेत येते. आंबा घाटाच्या अलीकडे एक्सलेटर दिला तरी ओढत नाही, दोन-चार वेळा मिसिंग मारते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने, गाडी गार झाल्यावर, एका किकमध्ये चालू होते. पुढे वीस किलोमीटरवर पुन्हा तोच प्रकार. परत आल्यावर कुणीतरी ठामपणे सांगतं, "इंजिन गेलं, बोअर करावं लागणार."

असा सल्ला ऐकून ब्लॉक खोलला जातो, नवा पिस्टन पडतो, काही हजार रुपये खर्च होतात. पुढच्या ट्रिपला गाडी पुन्हा तशीच बंद पडते, कारण बिघाड होता तो अंगठ्याएवढ्या कंडेन्सरमध्ये.

शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजांपासून मिरजेपर्यंत जुन्या बुलेट आजही दिसतात. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची. त्यांची इंजिनं विनाकारण उघडली जाऊ नयेत यासाठी कोणत्या क्रमाने काय बघायचं, ते इथे दिलं आहे.

आधी, 'जुनी बुलेट' म्हणजे नेमकी कुठली?

१९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधली रेडिच इथली रॉयल एनफिल्ड यांनी मिळून एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली. इंग्लंडमधला मूळ कारखाना पुढे बंद झाला, पण मद्रासमध्ये बुलेट बनतच राहिली. १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली. तरीही कास्ट आयर्न ब्लॉकचं ३४६ सीसी इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत बाजारात होतं. मेकॅनिक लोक त्यालाच 'सीआय' म्हणतात.

ओळख सोपी आहे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे. हेडलाइटच्या वरच्या भागात छोटा अँपिअर मीटर. हँडलला डीकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर. शेवटच्या काही वर्षांतल्या गाड्यांना डाव्या पायाचे गिअर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. त्यांना खालची पॉइंटची माहिती लागू नाही, बाकीची बहुतेक आहे.

अँपिअर मीटर हाच पहिला डॉक्टर

या गाडीवर बिघाड शोधायचं सगळ्यात उपयोगी साधन कंपनीनेच बसवून दिलं आहे, आणि बहुतेक जण त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात.

चावी चालू करा, लाइट बंद ठेवा आणि किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश दाबा. काटा मध्यापासून उणे बाजूला जाऊन परत मध्यावर यायला हवा. पॉइंट जुळले की कॉइलमधून करंट वाहतो आणि काटा उणे बाजूला जातो, उघडले की काटा परत येतो. म्हणजे बॅटरी, वायरिंग, चावी आणि पॉइंट आपापलं काम करत आहेत.

काटा हललाच नाही तर इंजिनाला हात लावायची गरजच नाही. बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा पांढरे पडलेत का, फ्यूज उडालाय का, चावीच्या स्विचमध्ये करंट येतो का, पॉइंटवर तेल किंवा काजळी बसलीय का, हे क्रमाने बघा. काटा उणे बाजूलाच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय.

काटा व्यवस्थित हलतो, पण प्लगला करंट नाही? मग संशय कंडेन्सर, कॉइल, प्लगची जाड वायर आणि शेवटी प्लगवर. प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळसर, जाड आणि 'टिक' असा आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी कॉम्प्रेशनमध्ये टिकत नाही. हे करताना जवळ पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करून घ्या.

सुरुवातीला सांगितलेली तक्रार, म्हणजे तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, ही कंडेन्सर किंवा कॉइल जाण्याची जुनी खूण आहे. उष्णतेने आतलं इन्सुलेशन दगा देतं, गार झालं की पुन्हा जुळतं. पॉइंट उघडून पाहिले आणि त्यांच्यात मोठी पिवळसर ठिणगी उडताना दिसली, तर कंडेन्सर बदलायचाच. पॉइंटचं अंतर साधारण ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. फीलर गेज नसेल तर तो घ्या. ब्लेडच्या पात्याने अंदाजे अंतर लावायची सवय टायमिंग बिघडवते, आणि बिघडलेलं टायमिंग इंजिन तापवतं.

किक न बसण्याची तक्रारही हाच मीटर सोडवतो. किक दाबत नेऊन जिथे घट्ट लागेल तिथे थांबायचं, डीकॉम्प्रेसर ओढून काटा मध्यावर येईपर्यंत किंचित पुढे सरकवायचं, लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर आणायची आणि मग एकच सलग किक. यात ताकदीपेक्षा पिस्टन कुठे आहे हे कळण्याला महत्त्व आहे. उलटी किक लागून पायाला मार बसतो तो याच घाईत, किंवा टायमिंग फार पुढे असल्यामुळे.

करंट आहे, मग पेट्रोल पोचतंय का?

इथे पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली यायला तेवढीच हवा वरून आत जावी लागते. जत, कवठेमहांकाळच्या धुळीच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीला हे हमखास होतं. एअर फिल्टरचीही तीच गत होते. तो गच्च भरला की गाडी काळा धूर देते आणि पेट्रोल पिते.

त्यानंतर कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी काढून धार बघा. धार बारीक असेल तर कॉकच्या जाळीत टाकीचा गंज अडकलाय. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पाणी किंवा तांबूस गाळ असेल, तर फक्त जेट साफ करून भागणार नाही. टाकी धुवावी लागेल, नाहीतर पुढच्या शंभर किलोमीटरला तेच जेट पुन्हा बुजेल.

आणि आता पेट्रोलच बदललंय

जुन्या गाडीच्या मालकाने गेल्या काही वर्षांतला हा बदल समजून घ्यायलाच हवा. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून बनतं. सांगलीसारख्या ऊसपट्ट्यात त्याविरुद्ध बोलणं जरा अवघडच. पण साठ-सत्तरच्या दशकात आखलेल्या कार्बोरेटरला ते माहीत नव्हतं.

अडचणी तीन आहेत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, त्यामुळे पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर आणि कार्बोरेटरच्या सुईचं टोक लवकर जातं, आणि पेट्रोल ओव्हर व्हायला लागतं. दुसरं, इथेनॉल पाणी शोषतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊ शकतो, आणि तोच आधी कार्बोरेटरमध्ये जातो. तिसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ होतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त तापणारं इंजिन.

उपाय फार महाग नाहीत. नळ्या आणि सील इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्या. महिनाभर गाडी चालणार नसेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. प्लगचा रंग बघत राहा: बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक, पांढरट म्हणजे मिश्रण पातळ, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओला म्हणजे इंजिनातलं तेल वर येतंय. सतत पांढरा येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठं करून बघतात. मायलेज थोडं घटेल, त्यासाठी मेकॅनिकशी भांडू नका. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

तेल: घाम, धूर आणि गैरसमज

"बुलेट म्हटली की तेल गळणारच" हे वाक्य इतकं रुळलंय की लोक गळती शोधतच नाहीत. क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीच्या टोकाला एक छोटं रबर असतं, ते दाब बाहेर जाऊ देतं पण हवा आत येऊ देत नाही. ते कडक झालं किंवा तुटलं की आत दाब साठतो आणि इंजिनाला प्रत्येक जोडातून घाम येतो. अशा वेळी सगळी गॅस्केट बदलूनही गळती थांबत नाही. आधी ते रबर बघा.

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीने सुरू होताच निळसर धूर सोडला तरी घाबरू नका. टाकीच्या कप्प्यातलं तेल हळूहळू झिरपून क्रँकखाली जमतं आणि पहिल्या मिनिटात जळतं. धूर पाच-दहा मिनिटांनीही थांबला नाही, एक्सलेटर दिल्यावर वाढला, तर मात्र रिंगा किंवा बोअरचा विषय काढायला हरकत नाही.

ऑइल २०डब्ल्यू-५० ग्रेडचं, आणि कॅलेंडर बघून बदलायचं, रंग बघून नव्हे. क्लचच्या बाजूच्या केसमध्ये वेगळं ऑइल असतं आणि गिअरबॉक्समध्ये वेगळं, हे नव्या मालकाला कुणी सांगत नाही. तिन्ही पातळ्या ट्रिपच्या आधी बघाव्यात. टॅपेट लावायचे ते इंजिन पूर्ण गार असताना. झडपा बंद असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खुळखुळता कामा नये.

हायवे आणि घाट

पुणे-बेंगळुरू हायवेवर शेजारून शंभरने जाणाऱ्या नव्या गाड्या बघून सीआय बुलेटही तेवढीच पळवावी असं वाटतं. ही गाडी साठ-सत्तरला दिवसभर चालते. नव्वदला ती चालते तीही थोडाच वेळ. एकाएकी ओढ कमी झाली, इंजिन आवळल्यासारखं वाटलं, तर क्षणात क्लच दाबा आणि कडेला घ्या. पिस्टन धरला आणि क्लच सुटलेला असेल तर मागचं चाक जाम होऊन माणूस पडतो.

घाट उतरताना ड्रम ब्रेक सतत धरून ठेवले की तापून ढिले पडतात. गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची आणि ब्रेक मधूनमधून मारायचा. पाण्यातून गेल्यावर काही अंतर ब्रेक हलका लावून शू वाळवून घ्यावेत. नव्या गाडीवरून जुन्या बुलेटवर बसणाऱ्याने आधी रिकाम्या मैदानात सराव करावा. घाबरल्यावर उजवा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो, हा अपघात फार ओळखीचा आहे.

सोबत काय न्यायचं? प्लग, पॉइंट-कंडेन्सरचा सेट, फ्यूज, ट्यूब, चेनचं लॉक, एक्सलेटरची वायर. क्लचची वायर नुसती डिकीत ठेवण्यापेक्षा जुन्या वायरशेजारी आधीच ओवून बांधून ठेवली, तर रस्त्यात पाच मिनिटांचं काम उरतं.

पुरात बुडालेली गाडी

२००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीच्या गावभाग, मारुती चौक परिसरातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तरी प्रत्येक पुरानंतर तीच चूक होते: पाणी ओसरलं की किक मारून बघणे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्त होणारी गाडी भंगारात जाते.

आधी बॅटरी काढा. मग प्लग काढून किक हळू फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. तिन्ही ठिकाणचं ऑइल काढा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. स्वस्त ऑइल भरून थोडं चालवायचं, काढायचं आणि रंग स्वच्छ येईपर्यंत पुन्हा भरायचं. टाकी, कार्बोरेटर, पॉइंट, चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक ड्रम उघडून चिखल काढावा लागतो. विमा असेल तर गाडी हलवण्याआधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढून कंपनीला कळवा.

कागदपत्रांचं इंजिन

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी आरटीओत तपासणी करून नूतनीकृत करावी लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी हे शुल्क १००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकींसाठी ते २००० रुपये करण्यात आलं. पर्यावरण कर वेगळा.

तपासणीत चासी आणि इंजिन नंबर जुळवून बघतात. म्हणून क्रँककेस बदलायची वेळ आली तर आधी आरटीओत विचारा, बिल जपून ठेवा आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. एमएच-१० ची जुनी बुलेट विकत घेणाऱ्यानेही किमतीचं बोलण्याआधी गाडी गार असताना जावं, कापडाने नंबर पुसून आरसीशी ताडून बघावेत, आणि मग किक मारायला सांगावी. विकणाऱ्याने आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं.