ढोलीतला वाटा

धान घरी आला की पाठोपाठ उंदीरही येतो, हे आरमोरीत कुणाला सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे बांध्या रिकाम्या व्हायच्या, पुंजणे रचले जायचे. धान चुरून झाला की बंडीतून घरी यायचा आणि थेट ढोलीत जायचा. बुरडाकडून विणून आणलेली, शेणामातीनं आतून-बाहेरून लिंपलेली ती ढोली आजी दगडांवर उभी करायची, म्हणजे खाली हात घालून बूड चाचपता यायचं. रोज सकाळी तिचा हात तिथून फिरायचाच. "बोटाएवढं भोक असलं तरी तो आत जाते गा बाबू," म्हणायची आणि लगेच ओल्या मातीचा गोळा दाबून टाकायची. मोहफुलांच्या मडक्याचं तोंडही फडक्यानं घट्ट बांधलेलं असे, कारण मोहावर त्याचा जीव धानाहून जास्त, असं तिचं ठाम मत होतं.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं, हे मी पुढे शाळेत शिकलो. आजीला कारण माहीत नसेल, पण सवय ठाऊक होती.

शेतातला उंदीर मात्र वेगळा. तो लोंबा तोडून बिळात कोठार भरतो. कापणी झाली की सरवा वेचणाऱ्या बाया आणि पोरं धुऱ्याधुऱ्यानं बिळं शोधत हिंडायची. एकेका बिळातून पायलीभर धान निघाल्याचं सांगत, खरंखोटं त्यांनाच ठाऊक. आजोबा, म्हणजे आमचे आबाजी, कुणाला अडवत नसत. "धुरा तेवढा पुन्हा बुजवून जाजो," एवढंच सांगत. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी मोठा दुकाळ पडला तेव्हा आमच्याही घरी बिळातला धान धुऊन, कांडून शिजला होता म्हणे. तो 1896-97 चा दुकाळ की 1899-1900 चा, हे आबाजींना सांगता येत नसे. मध्य प्रांतानं दोन्ही सोसले.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट पणजीकडून आजीकडे आली होती. गाठीच्या तापाची. आढ्यावरून उंदीर पडून मेला की बायका चूल विझवायच्या, भांडीकुंडी उचलायच्या आणि अख्खं बिऱ्हाड शेतातल्या खोपडीत जायचं. हे पणजीच्या माहेरी घडलं की तिनं फक्त ऐकलं होतं, ते आता कोण सांगणार? पण 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही वर्षांत तो मध्य प्रांतातही पोहोचला, हे इतिहासात आहे. उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं. त्यांचं नावही न ऐकलेल्या बायका मेलेला उंदीर पाहून घर सोडत होत्या, याचं मला फार कौतुक वाटतं.

सांदवाडीत धामण दिसली की पोरं काठ्या घेऊन धावायची, तेव्हा आबाजी सपरीतूनच ओरडायचे, "मारू नका गा, ती आपलंच काम करते!" घुबडाला लोक अशुभ मानत, आजी त्याला लक्ष्मीचं वाहन म्हणून हात जोडायची. कवेलूवर बसलेलं एक घुबड रात्रीतून किती उंदीर उचलतं, हे तिनं पाहिलं होतं.

आता कवेलू गेले, ढोल्या गेल्या, धान पोत्यांत आणि पत्र्याच्या कोठीत आला. उंदीर मात्र राहिला, कारण उघडी नाली आणि कोपऱ्यावरचा उकिरडा त्याला पुरतो. जो तो आपापल्या घरी विषाच्या गोळ्या ठेवतो. मग अर्धमेला उंदीर उघड्यावर येतो, तो घुबडाच्या नाहीतर मांजराच्या पोटात जातो आणि विष तिथंही पोहोचतं. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पुढच्या गल्लीत सोडला तर तिथली ढेप खातो, एवढाच फरक. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रोगी वाढले. तो ताप देणारे बारीक किडे झुडपांत, गवतात असतात आणि उंदरांच्या अंगावर जगतात. गाठीच्या तापाची पणजीची गोष्ट मला तेव्हा फार आठवली.

पूर्वी मृग लागायच्या आत मोहल्ल्यातली सगळी घरं एकदमच लिंपून निघायची. एकानं बीळ बुजवून चालत नाही, हे त्या लोकांना कळत होतं. म्हणून शेजाऱ्यांना माझं सांगणं आहे: यंदा पावसाआधी एक दिवस ठरवा. नाली, उकिरडा, घरामागचं गवत आणि भिंतीतली भोकं सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी साफ करा. आणि धामण दिसली तर काठी उचलू नका.